वरच्या तासाची तंबाखू

अनंतराव पिंपळापुऱ्यांना माणसं आवडत नसत, आणि हे लपवण्याइतकीही त्यांना माणसांची पर्वा नव्हती. यवतमाळला कोर्टात त्यांची सगळी नोकरी गेली. टाइपिस्ट म्हणून लागले, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि निरोपाच्या समारंभात दोन शब्द बोला म्हटल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं की चहा पाणचट आहे आणि हार शिळ्या फुलांचा आहे. दोन्ही खरं होतं. त्यांच्या दुष्टपणात खोटं नसे, म्हणून तो लोकांना जास्त लागे. लग्नाच्या पंगतीत बासुंदी करपली असली तर बाकीचे मुकाट खात. अनंतराव वाढणाऱ्याला थांबवून विचारत, खाली किती लागली आहे. हळूहळू लोकांनी त्यांना बोलावणं कमी केलं. त्यांना ते बरंच वाटलं. दत्त चौकामागच्या घरात ते, त्यांची बायको कुंदा आणि पाइपचा धूर, एवढेच राहत.

पाइप त्यांना कोर्टात मिळाला. ते तरुण असताना तिथे एक न्यायाधीश बदलून आले होते. संध्याकाळी कोर्ट उठलं की साहेब आपल्या खोलीत पाइप भरत आणि निकालाचा मजकूर सांगत, टाइपरायटरवर अनंतराव. एकदा मजकूर संपल्यावर साहेबांनी तंबाखूचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. यात तीन पानं मिसळलेली आहेत, ते सांगू लागले. व्हर्जिनिया गोड असते, ती कळते. लटाकिया लाकडाच्या धुरावर काळी केलेली असते, ती तर सर्दी झालेल्यालाही कळते. पण या दोघींच्या खाली तुर्की पान असतं. लहानसं, उन्हात वाळवलेलं. ते ज्याला सापडलं त्यालाच पाइप कळला, बाकीचे नुसता धूर काढतात. मग थोडं थांबून साहेब म्हणाले, "जुनी चंदनाची पेटी कुणीतरी शेजारच्या खोलीत उघडावी ना, तसं येतं. आणि जातं."

बदली झाली तेव्हा साहेबांनी आपला एक जुना पाइप अनंतरावांना दिला. ते वाक्य त्यांनी न देताच अनंतरावांनी घेतलं होतं.

पुढची सगळी वर्षं ते त्या पेटीच्या मागावर राहिले. नागपूरच्या एका दुकानातून डबे मागवले; मुलगी मिताली नागपूरला दिली तेव्हापासून जावई परदेशच्या दौऱ्यावरून येताना आणू लागला. तंबाखू कागदावर पसरून किती सुकू द्यायची, पाइपात खाली सैल आणि वर जराशी दाबून कशी भरायची, गरम चहा पितो तसा लहान लहान घोट कसा घ्यायचा, धूर तोंडात फिरवून त्यातला थोडाच नाकातून कसा सोडायचा, हे ते एखाद्या पुजाऱ्यासारखं करीत. घाई केली की जीभ भाजते आणि मग दोन दिवस सगळं सारखंच लागतं. ते घाई करीत नसत. गोड व्हर्जिनिया त्यांना सापडे, काळी लटाकिया सापडे. पेटी कधी उघडली नाही.

हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जो माणूस बासुंदीबद्दल खोटं बोलू शकत नव्हता, तो याबद्दल सहज बोलला. पाइप ओढणारा कुणी भेटला की अनंतराव डोळे अर्धवट मिटून म्हणत, "तुर्की पान आलं बरं का आत्ता. चंदनाच्या पेटीसारखं." समोरचा आपलाच पाइप पुन्हा हुंगून बघे. एवढ्या एका खोट्यावर त्यांनी स्वतःच्या जिभेचा सगळा दिमाख उभा केला होता.

काही डब्यांतून एक भलताच वास मात्र त्यांना येई. धूर नाकातून सोडताना, अगदी मागून, आंबूस. पहिल्यांदा आला त्या दिवशी कुंदानं अंबाडीची भाजी केली होती. कुंदाचं माहेर नेरचं. तिकडे ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली अंबाडी, वर लसणाची फोडणी आणि भाकरी हे सणासारखं जेवण. अनंतराव अंबाडी खात नसत. तो चारा आहे असं त्यांचं मत होतं. तंबाखूचे डबे स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीतल्या कपाटात होते. त्यांनी दोन आणि दोन चार केले. तंबाखू आजूबाजूचा वास ओढून घेते, हे तर कुठल्याही पाइपवाल्याला ठाऊक असतं. त्या दिवशी कुंदाला ते जे बोलले ते शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं.

डबे कपाटातून बेडरूममध्ये गेले. वास आलाच. मग तो तिच्या पदराला येतो असं ठरलं. मग हाताला. ज्या डब्याला वास येई तो "आंबला" म्हणून अनंतराव बाहेरच्या कचऱ्यात टाकून देत, आणि तो टाकताना कुंदा समोर असेल अशी वेळ बघत.

मग इंदूबाई आल्या. कुंदाची आई. नेरहून एसटीनं, बरोबर धाकटा मुलगा सलील, तेव्हा कॉलेजात असलेला, त्याच्या हातात पिशवी. पिशवीत अंबाडीच्या जुड्या. लेकीला आवडते म्हणून म्हातारीनं आल्या आल्या स्वतः निवडली, स्वतः शिजवली. अनंतराव कोर्टातून आले, पाइप पेटवला आणि तो वास आला. ते उठून आत गेले. ओट्यावरचं पातेलं उचललं आणि मोरीत उपडं केलं. वर इंदूबाईंकडे बघून म्हणाले, "तुमच्या हाताची घाण माझ्या घरात नको." म्हातारी खाली वाकली. पाण्यानं मोरी स्वच्छ करून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली आणि त्यानंतर या घरात येऊन कधी जेवली नाही. येई ती ओसरीवर बसून चहा न घेता परत जाई. काही वर्षांनी वारली.

कुंदानं अंबाडी बंद केली. पुढे ताकाची कढी, चिंचेचं सार, हेही बंद केलं. तरी मधूनमधून एखाद्या डब्याला तो वास येईच, आणि अनंतराव म्हणत, बाहेर कुठेतरी जाऊन खाऊन येते ही.  ती नवऱ्याशी भांडत नव्हती. ती त्याच्याशी लागेल तेवढंच बोलत होती, आणि लागायचं फार थोडं.

सलील बँकेत लागला आणि फिरत फिरत यवतमाळलाच बदलून आला. पन्नाशीनंतर त्यानं पाइप घेतला. अनंतरावांना आधी वाटलं, आपल्याला मान देतोय. मग हळूहळू कळलं की हा दर रविवारी येतो तो बहिणीला भेटायला आणि आपल्याला टोचायला. तो गोड बोले. समोर बसून पाइप भरी, दोन झुरके घेई आणि म्हणे, "भाऊजी, तुमची ती पेटी आज उघडली का? माझी तर कडीच निघत नाही."

अनंतराव म्हणत, जीभ लागते त्याला.

"तेच तर. तुमच्यासारखी कुठून आणू."

एका रविवारी त्यानं हुकमाचा पत्ता टाकला. मिश्रणात काय कोणालाही काहीही लागतं, तो म्हणाला. नुसतं तुर्की पान मिळालं, त्यात दुसरं काही नाही, तर ते दोघांनी ओढू. तुम्ही सांगा पेटी कुठं आहे, मी शोधतो. नागपूरच्या एका पाइपवाल्याकडे बी आहे म्हणे. कुंदा तिथंच भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले. अनंतरावांनी ते पाहिलं. आणि त्यांच्या लक्षात आलं की हे दोघं भाऊबहीण कित्येक वर्षांपासून आपण कुठं सापडतो याची वाट बघत आहेत.

ते म्हणाले, "बी आण. लावतो."

रागानं म्हणाले खरे. पण रात्री पडल्या पडल्या त्यांना त्यामागचं दुसरं कळलं. त्यांना ती चव हवी होती. सत्तरी जवळ आली होती आणि आयुष्यभर ज्या चवीची साक्ष दिली ती त्यांनी एकदाही घेतली नव्हती. नुसत्या पानात तरी ती सापडलीच असती. एकदा सापडली की मागचं सगळं खोटंही खरं झालं असतं. नाही सापडली, तर सलीलसमोर डोळे मिटून बसायचं आणि पुन्हा साहेबांचं वाक्य म्हणायचं. आणि सलील ते ओळखणार.

बी आलं. खसखशीहून बारीक, बोटाला लागलं तर दिसेना असं. बरोबर नागपूरकराचा निरोप होता: हे झाड लाडात वाढवायचं नाही. खडकाळ, हलकी जमीन पाहिजे. रोप एकदा लागलं की पाणी तोडायचं. पान तहानलं तर लहान राहतं, चिकट होतं आणि वासाला येतं. पाणी दाखवलं की पान मोठं होतं आणि चव पळते.

अशी जमीन पंजाबरावांकडे होती. आर्णी रोडवर, टेकडीच्या पायथ्याशी, मुरमाड तुकडा. पंजाबराव म्हणजे एकेकाळचे कोर्टातले पक्षकार. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या हद्दीच्या, भांडणात त्यांची अर्धी जवानी तारखा घेण्यात गेली होती आणि तेव्हा अनंतरावांनी त्यांना एकदाही बाकावर बस म्हटलं नव्हतं. आता त्यांचं कापसाचं आणि तुरीचं वावर रस्त्यावरून जाणारा माणूस मान वळवून पाही असं होतं. त्यांनी तुकडा दिला. प्रेमानं नाही. कोर्टातला बाबू मातीत हात घालून काय करतो, हे त्यांना फुकटात पाहायचं होतं.

पावसाळा सरता सरता रोपं लागली. वर टेकडीकडे चढत गेलेले तास, म्हणजे रोपांच्या ओळी. अनंतराव दर दोन-तीन दिवसांनी स्कूटरवर येत, बांधावर छत्री उघडून बसत आणि झाडं वाळताना पाहत. ऊन तापलं, जमिनीला भेगा पडल्या, पानं खाली लोंबू लागली. त्यांना आनंद झाला. पंजाबराव लांबून बघत आणि थुंकत. एकदा जवळ येऊन त्यांनी विचारलं की याले पानी कवा द्यायचं. अनंतरावांनी सांगितलं, द्यायचंच नाही. पंजाबरावांनी मान हलवली. वेड्यापुढे हलवतात तशी.

मग कुंदाच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. नागपूरला मितालीकडे राहावं लागलं, ठरलं होतं त्याहून जास्त. परत आल्यावर अनंतराव बॅग न उघडता शेतावर गेले.

रस्त्यावरूनच त्यांना दिसलं. तुकडा हिरवागार होता. पानं हत्तीच्या कानासारखी पसरली होती, वाऱ्यावर हलत होती. मुरमात ओल होती. बांधावर युरियाचं रिकामं पोतं घडी करून ठेवलं होतं. पंजाबराव कंबरेवर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या तोंडावर, अनंतरावांनी त्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता असा, भाव होता. त्यांना शाबासकी हवी होती.

अनंतरावांनी विचारलं, हे कोणी केलं.

"म्याच. दुसरं कोन करन?"

"पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. पन झाड मरून राह्यलं होतं न, साहेब. रस्त्यानं जानारा हरेक मानूस गाडी उभी करे अन् पुसे, काहो पंजाबराव, तब्येत बरी नाही काय? माह्या वावरात असं पीक आजवर कोनं पाह्यलं नाही. जावयाच्या गावाले गेलतो तं तिथंही तेच. मेलेलं पीक हाये म्हने तुमच्याइथं."

"आणि युरिया?"

"थोडासाच. तुमच्या नावानं नाही टाकला. माह्या नावानं टाकला."

अनंतरावांचा आवाज चढला नाही. कोर्टात ते कागद परत करताना ज्या आवाजात बोलत, त्याच आवाजात त्यांनी सांगितलं की तुमची केस इतकी वर्षं का रखडली ते आज कळलं. सांगितलेलं ऐकायचं नाही, आणि वर उपकार केले म्हणून छाती पुढे काढायची. तुमच्यासारख्या माणसाच्या हातात झाडच नाही, दगडही देऊ नये.

पंजाबरावांचा चेहरा हळूहळू बंद झाला. "केस रखडली ते तारखा तुमी देत होते म्हनून," ते म्हणाले.

त्यावर अनंतराव वाकले आणि जवळचं झाड उपटून फेकलं. मग दुसरं. मग पुढचं. सत्तरीचा माणूस, धापा टाकत, एका हिरव्या तासातून वर चढत चालला. पंजाबरावांनी अडवलं नाही. अनंतराव उपटत उपटत वरपर्यंत गेले तेव्हा खालून त्यांचा आवाज आला.

"थे वरचे दोन तास राहू द्या. तिथं पान्याचा पायप पुरला नाही. थे तुमचेच हायेत, तुमच्यासारखे. कापून घेऊन जा अन् या वावरात पुन्हा पाय ठेवू नका."

वरच्या दोन तासांत झाडं गुडघ्याएवढी होती. पानं तळहाताहून लहान, कडेला पिवळी पडत आलेली, आणि हात लावला तर बोटांना चिकटत होती.

ती पानं अनंतरावांनी एकेक करून खुडली, घरी आणली आणि दाभणानं सुतळीत ओवली. गच्चीवर माळा टांगल्या. आधी सावलीत, मग उन्हात. त्यांनी दाभण मागितलं तेव्हा कुंदानं दिलं, बाकी ती गच्चीवर फिरकली नाही. कपडे वाळत घालायला ती शेजारच्यांकडे जाऊ लागली. पानं सोनेरी झाली, मग तपकिरी. त्यांनी ती कापडात दाबून बांधली आणि मुरू दिली. तो उन्हाळा गेला, पावसाळा गेला. सलील दर रविवारी विचारी, भाऊजी, तारीख कधीची. शेवटी अनंतरावांनी एक रविवार दिला.

आणि त्याच्या आदल्या दुपारी, कुंदा महिला मंडळात गेली असताना, त्यांनी एकट्यानं ओढून बघायचं ठरवलं. सलीलच्या आधी. पाइपात जुन्या तंबाखूचा वास राहतो म्हणून त्यांनी तो आधीच मीठ आणि स्पिरिट भरून साफ केला होता, वाळवला होता. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. पान बारीक कापलं, सैल भरलं, पेटवलं, पहिला धूर नुसता सोडून दिला. मग घोट घेतला, फिरवला, आणि नाकातून सोडला.

अंबाडी.

ते ताडकन उठले. पाइप तसाच हातात, स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर काही नव्हतं. फ्रिज उघडला, डबे काढून एकेक हुंगला. वरण, कोशिंबीर, खोबऱ्याचा तुकडा. मोरी हुंगली. खुंटीवरचा तिचा टॉवेल हुंगला. घरात कुणी नव्हतं तरी ते मोठ्यानं म्हणाले, कुठं ठेवली आहेस. मग साबणानं हात धुतले, नवा पाइप काढला, गच्चीवर गेले, तिथं वाऱ्यात उभं राहून पुन्हा भरला. पुन्हा तेच. आंबूस, अगदी मागून. आणि या वेळी ते जातही नव्हतं, कारण त्याच्यावर दुसरं काहीच नव्हतं. ना गोडवा, ना काळा धूर. ते एकटंच होतं.

त्यांनी पाइप कठड्यावर ठोकून रिकामा केला. मग खाली आले. गेल्या दिवाळीला जावयानं आणलेला एक डबा "आंबला" म्हणून बाजूला ठेवला होता, टाकायचा राहिला होता. तो त्यांनी भरला. लटाकियाचा धूर आला, आणि त्याच्याखाली, शेजारच्या खोलीत कुणीतरी काहीतरी उघडावं तसं, तेच.

साहेबांच्या घरी चंदनाची पेटी असेल, म्हणून साहेबांना ती आठवली. अनंतरावांच्या घरी पेटी नव्हती. त्यांच्या नाकानं ती चव पहिल्याच डब्यात ओळखली होती आणि जवळ होता तो शब्द दिला होता. आणि तो शब्द त्यांनी आयुष्यभर शिवीसारखा वापरला. ज्यांत ते पान सगळ्यात जास्त होतं नेमके तेच डबे त्यांनी कचऱ्यात टाकले होते. हे सगळं त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. कळल्यावर वाटायला हवं होतं ते काहीच वाटलं नाही. वाटला तो फक्त संताप, आणि तो काढायला घरात कुणी नव्हतं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं. पीक बिघडलं म्हणायचं. पंजाबरावनं पाणी घातलं, चव गेली. हे निम्मं खरं होतं आणि निम्म्या खऱ्यावर माणूस सुखानं मरू शकतो. सलील हसेल, पण पंजाबरावला हसेल. कुंदाला काही कळायचं कारण नाही.

रविवारी सलील आला. अनंतरावांनी त्याला त्याच्याच पाइपात भरू दिलं. कुंदा नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या खुर्चीवर भाजी निवडत होती. डोळ्याला काळा चष्मा; ऑपरेशनला वर्ष होत आलं तरी तो डोळा उजेड सोसत नव्हता. सलीलनं एक झुरका घेतला, दुसरा घेतला, नाकातून सोडला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"भाऊजी, ही तर आंबली. अंबाडीसारखी लागते." मग तो मान वळवून बहिणीला म्हणाला, "ताई, कुठं लपवली होतीस ग इतकी वर्षं? यांच्या तंबाखूत?"

कुंदा हसली नाही.

"गेली वाया," सलील पाइप खाली ठेवत म्हणाला. "सडकी निघाली."

अनंतरावांनी पंजाबरावांचं नाव घ्यायला तोंड उघडलं. नाव जिभेवर तयार होतं. पण समोरचा माणूस त्या पानाला सडकं म्हणत होता. आयुष्यभर शोधलं, आणि शेवटी हातात आलं ते, एका बँकवाल्यानं दोन झुरक्यांत सडकं ठरवलं. कुणी करपलेल्या बासुंदीला चांगलं म्हटलं तर त्यांना जे व्हायचं, तेच आता उलट झालं. ते सहन झालं नाही.

"सडली नाही," ते म्हणाले. "तुला कळत नाही. हीच ती चव. तुर्की पानाची चव हीच असते. प्रत्येक डब्यात असते. मागून आंबूस येतं ना, तेच."

हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कोपऱ्यात भाजी निवडण्याचा आवाज थांबला आहे.

सलीलनं खाली ठेवलेला पाइप उचलून पुन्हा नाकाशी धरला. तो त्यांना एका खोट्यात पकडायला आला होता. हे काय हातात आलं ते त्याला नीट धरताही येईना. "म्हणजे," तो म्हणाला, "आमच्या आईनं त्या दिवशी..."

कुंदानं विचारलं, "प्रत्येक डब्यात?"

"ज्यात ते पान असेल त्यात."

"आधीपासून?"

"हो."

तिनं चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा अजून लाल होता. ती अगदी साध्या आवाजात बोलू लागली, जणू मंडळातली एखादी गोष्ट सांगते आहे. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा मी नेरला राहिले होते, तुम्ही आला नव्हता. तेव्हा ती कुणाला जवळ बसू देत नव्हती. पाणी दिलं तर पेल्याला हात लावायची नाही, मला धरायला लावायची. मला वाटलं, ताकद नाही. मग एक दिवस म्हणाली, कुंदा, माझ्या हाताला वास येतो का ग अजून. मी नाही म्हटलं. तिला खोटं वाटलं. लिंबाची साल घेऊन बोटं घासत बसायची.

"हे तू मला सांगितलं नाहीस कधी," सलील म्हणाला.

"तुला सांगून काय, तू यांना मारलं असतंस. मग यांचं करावं मलाच लागलं असतं."

  कुंदा उठली, टीपॉयवरच्या कापडातलं एक पान तिनं उचललं, बोटांत चुरलं आणि नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. नेरच्या बाईनं भाजी हुंगावी तसं, नीट.

"अंबाडी अशी नसते," ती म्हणाली.

अनंतरावांनी वर पाहिलं.

"ही आंबूस आहे, ते ठीक. पण अंबाडी अशी नसते. तिचा आंबटपणा हिरवा असतो, शिजली की गोडसर होतो. तुम्हाला अंबाडीचा वास माहीतच नाही. कसा असेल, तुम्ही कधी तोंडात घातली नाही." चुरा तिनं त्यांच्यापुढच्या रक्षापात्रात झटकला. "हे तुमचं पान तुम्हाला कळलं नाही ते नाहीच. पण अंबाडीही कळली नव्हती."

ती आत गेली. थोड्या वेळानं सलीलही उठून तिच्यामागे आत गेला. जाताना त्यानं टोमणा मारला नाही, आणि अनंतरावांना तोच जास्त लागला. हॉलमध्ये ते एकटे उरले. समोर पाइप होता. त्यांनी तो पेटवला, कारण हात रिकामे ठेवणं जमेना, आणि चव लगेच आली, स्पष्ट, न शोधता.

आतून भाऊबहिणीचं बोलणं ऐकू येत होतं. कुंदा विचारत होती, बाजारात अंबाडी आजकाल कुणाकडे मिळते. सलील म्हणाला, गुरुवारच्या बाजारात एक बाई बसते, नेरकडचीच आहे, उद्या फोन करतो तिला.

"जास्तीची आण," कुंदा म्हणाली.

सलीलनं विचारलं, "भाऊजी खातील?"

"त्यांना कोण देतंय," कुंदा म्हणाली. "मी सगळ्या खिडक्या लावून शिजवणार आहे. वास घरातच राहायला हवा."